कोरडं बाळंतपण

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका प्रसूतिगृहाच्या तळमजल्यावर सोनोग्राफीची खोली आहे. खिडकीच्या काचांना आतून काळा कागद लावलेला. लताबाई पगारे त्या खोलीत अकरा वर्षं मावशी म्हणून काम करत होत्या. बाहेर बसलेल्या बायकांना 'पाणी प्या, लघवी रोखून धरा' असं सांगायचं, नंबर आला की पलंगावर चढवायचं, पोटावर जेल घालायचं, झालं की पुसून द्यायचं आणि चादर बदलायची. डॉक्टर पल्लवी मशीनसमोर बसत आणि लताबाई पेशंटच्या पायांशी उभ्या राहत.

स्क्रीनवरचं करडं-काळं चित्र लताबाईंना कधी कळलं नाही आणि त्यांनी ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. त्यांना कळायचा तो मॅडमचा आवाज. सगळं ठीक असलं की मॅडम बोलत राहायच्या. "हे डोकं, हे हृदय, हा हात बघा, तोंडाशी नेलाय." एखाद्या दिवशी बोलता बोलता त्या थांबायच्या. मग खोलीत मशीनच्या पंख्याची घरघर आणि बटणांची टकटक एवढंच उरायचं. अशा वेळी लताबाईंचा हात आपोआप पेशंटच्या पायावर जायचा.

जानेवारीत माहेनूर आली तेव्हा मॅडम पहिल्या मिनिटालाच थांबल्या.

माहेनूर बावीस वर्षांची होती. सासर वडाळा गावात, माहेर मालेगावला. नवरा हुजैफा मोटर वाइंडिंगचं काम करायचा. सातवा महिना सरत आला होता, पण कुर्ता सरकवल्यावर लताबाईंना दिसलं की पोट चौथ्या महिन्याएवढंच आहे. जेल पसरताना हाताला पोटाची मऊ फुगीर गादी लागायची, ती लागली नाही. कातडीखाली थेट बाळच लागलं. पाठ असावी. लताबाईंनी हात झटकन मागे घेतला. असं पोट त्यांच्या हाताला एकदाच लागलं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

मॅडमनी खूप वेळ पाहिलं. तासाभराने परत बोलावून पुन्हा पाहिलं. मग हुजैफाला आत घेतलं.

"बाळाच्या भोवती पाणी असतं," मॅडम म्हणाल्या, "ते चौथ्या महिन्यानंतर बाळ स्वतःच तयार करतं. ती त्याची लघवी असते. इथे पाणी अजिबात नाही. तासभर वाट बघितली, लघवीची पिशवी एकदाही भरली नाही. दोन्ही किडन्या तयारच झालेल्या नाहीत."

हुजैफा स्क्रीनजवळ वाकला. "मॅडम, पण आधीच्या रिपोर्टमध्ये किडनी आहे लिहिलंय. हे बघा ना, हे लांबट काय दिसतंय मग?"

"ती किडनी नाही. किडनीच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी असते, टोपीसारखी. खाली किडनी असली की ती वाकून तिच्यावर बसते. खाली काहीच नसलं की ती अशी सरळ आडवी होते. रिकाम्या जागेत ती एकटी पडून आहे. घाईत बघितलं तर किडनीच वाटते."

लताबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून स्क्रीनकडे पाहिलं. दोन अंधारे खळगे आणि प्रत्येकात एक आडवी रेघ, अंगावर चादर ओढून कुणी झोपल्यासारखी.

"हलतंय ना पण ते," माहेनूर म्हणाली. "आत्ता पण हललं."

"हलणारच. पोटात आहे तोवर तुझ्या किडन्या त्याचं काम करतायत. पण पाणी नसलं की फुफ्फुसं वाढत नाहीत, माहेनूर. बाहेर आल्यावर श्वास घेता येणार नाही."

एवढ्या उशिरा गर्भपात करायचा तर परवानगीसाठी मेडिकल बोर्डाकडे जायचा रस्ता मॅडमनी सांगितला. दोघं आठ दिवस घरी बोलत राहिले आणि परत येऊन माहेनूर म्हणाली की ती बाळाला येईल तेव्हा येऊ देणार आहे.

त्या संध्याकाळी लताबाईंनी घरी कुणाला काही सांगितलं नाही. जे सांगायचं होतं ते घरात सगळ्यांना आधीच माहीत होतं आणि पंचवीस वर्षं कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

लता एकोणीस वर्षांची असताना लग्न होऊन गिरणाऱ्याच्या पुढच्या एका खेड्यात आली होती. सासरे निवृत्ती त्या वर्षी आजारी पडले. पाय सुजले, मग तोंड सुजलं, लघवी बंद होत आली. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला दोन पेले पाणी, त्याच्यावर एक थेंब नाही. दिवसभर घरी असायची ती लता, म्हणून पेले मोजायचं काम तिच्याकडे आलं. म्हातारा खाटेवरून हाक मारायचा. "लता, घोटभर दे गं." ती द्यायची नाही. पाण्याचा माठ तिने शेजारच्या ओट्यावर नेऊन ठेवला, म्हणजे त्यांना तो दिसू नये. शेवटच्या दिवशी ते बोलायचे थांबले आणि नुसते ओठ हलवत राहिले. सासू तानुबाई शेतावरून परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हा लताला तिसरा महिना होता. पुढे पोट वाढलंच नाही. आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "पानी कुठंय? समदं कोरडंच हाय." मुलगा झाला. रडला नाही. दुपारच्या उजेडात तासभर तोंड उघडून श्वास ओढत राहिला आणि मग थांबला.

त्याचा चेहरा लताने नीट पाहिला. नाक चपटं, हनुवटी आत गेलेली, कान खाली उतरलेले, डोळ्यांच्या खालून गालावर गेलेली खोल सुरकुती, हातापायांचं कातडं सैल. तो लहान मुलाचा चेहरा नव्हताच. तानुबाईने एकदा बघितलं आणि भिंतीला टेकली.

"ह्ये तर त्येच हायेत," ती म्हणाली. "तू पानी नाय दिलं त्यानला. पान्यावाचून गेले अन् पान्यावाचून आले. थांबले नाय."

एवढं एकदाच. नंतर तिने ते कधी तोंडातून काढलं नाही. पण पुढे मुलीच्या, तेजलच्या, वेळी लताला दिवस गेले तेव्हा तानुबाई रोज दिवेलागणीला एक भरलेला लोटा तिच्या उशाशी आणून ठेवायची आणि सकाळी काही न बोलता उचलून न्यायची. तेजल धडधाकट जन्मली. पुढे लताच्या नवऱ्याला, मल्हारीला, सातपूरच्या कारखान्यात काम लागलं आणि ते तिघं नाशिकला आले. तानुबाई धाकट्या मुलाकडे खेड्यातच राहिली.

मार्चच्या मध्याला एका सकाळी माहेनूर बाळंत झाली. मुलगा झाला. चाळीस मिनिटं होता.

हुजैफा जिन्यात उभा होता. दफन दुपारच्या नमाजानंतर ठरलं होतं. मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. नक्की काय झालं ते कळलं तर पुढच्या वेळी उपयोग होईल, म्हणाल्या. तो लगेच बोलला, "चिरफाड नको मॅडम. त्याला ब्लेड लागायला नको."

"ब्लेड नाही. फक्त सोनोग्राफी. पोटावरून हात फिरवल्यासारखं. दहा मिनिटांत तुमच्या हातात देते."

तो वर जाऊन माहेनूरला विचारून आला आणि मान हलवली.

नर्सने बाळाला पांढऱ्या कापडात गुंडाळून खाली आणलं. मोठ्या माणसांच्या त्या पलंगावर ते एवढंसं दिसत होतं की लताबाईंनी दोन्ही बाजूंना उशा लावल्या. पडेल म्हणून. मग सवयीने जेलची बाटली दोन्ही तळव्यांत धरून चोळली, गार लागू नये म्हणून. आपण काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं, पण त्यांनी हात थांबवले नाहीत.

मॅडमनी पोटावर फिरवायचा प्रोब टेकवला. जानेवारीत लताबाईंनी त्या स्क्रीनवर पाहिलं होतं ते हलणारं होतं. आधी ध्यानात आलं नाही काय वेगळं आहे ते. मग आलं. इथे काहीच धडधडत नव्हतं, काही उघडझाप होत नव्हती. करडं चित्र गोठल्यासारखं तसंच होतं आणि मॅडमचा हात सरकला की एका गोठलेल्या चित्राच्या जागी दुसरं गोठलेलं चित्र येत होतं. मॅडम एक शब्द बोलत नव्हत्या. पंखा घरघरत होता.

"मावशी, तोंडावरचं कापड जरा बाजूला करा. कान बघायचेत."

लताबाईंनी कापड उचललं.

पलंगावर निवृत्ती पडले होते. तेच चपटं नाक, तीच आत गेलेली हनुवटी. डोळ्यांखालून गालावर गेलेली तीच सुरकुती. वडाळ्याच्या, आपला ज्यांच्याशी काही संबंध नाही अशा घरात जन्मलेल्या मुलाच्या अंगावर तोच चेहरा होता. तोंड किंचित उघडं होतं. लताबाईंना खात्री वाटली की आता ते ओठ हलतील आणि घोटभर मागतील.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हे आमचे सासरे आहेत."

मॅडमनी वळून पाहिलं. लताबाईंनी पलंगाचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यांचा आवाज अगदी साधा होता, ओळख करून दिल्यासारखा.

मॅडमनी काम पूर्ण केलं. बाळाचं अंग स्वतः पुसलं, कापड नीट गुंडाळलं, बाहेर जाऊन हुजैफाच्या हातात दिलं. परत येऊन त्यांनी खोलीतला मोठा दिवा लावला, बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं आणि लताबाईंना खुर्चीत बसवलं. लताबाईंनी सगळं सांगितलं. माठ शेजारी नेऊन ठेवल्याचंसुद्धा, जे त्यांनी मल्हारीलाही सांगितलं नव्हतं.

"मावशी, नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "पाणी नसलं की बाळ गर्भपिशवीत दाबलं जातं. नाक चपटं होतं, हनुवटी आत जाते, कान खाली येतात, कातडं सैल राहतं. असं बाळ कुठेही जन्मलं, कुणाच्याही पोटी जन्मलं, तरी असंच दिसतं. सगळी एकमेकांची भावंडं वाटतात. मी शिकत होते तेव्हा पुस्तकात फोटो बघितला होता, परदेशातल्या बाळाचा. हाच चेहरा होता."

"म्हणजे ते सासरे नव्हते?"

"नव्हते."

"मी पाणी दिलं नाही म्हणून नाही?"

"नाही. आणि त्यांनाही तुम्ही मारलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेच केलंत." मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "सासऱ्यांना नक्की काय झालं होतं म्हणालात?"

"अंग सुजलं होतं. लघवी बंद."

मॅडम गप्प झाल्या. लताबाईंना ती शांतता ओळखू आली.

"रविवारी मल्हारीभाऊंना घेऊन या," मॅडम अखेर म्हणाल्या. "तुम्हीही या. तेजललाही आणा. कधी कधी हे घराण्यात असतं."

"तेजलला दिवस गेलेत मॅडम. तिसरा चालू आहे."

रविवारी दवाखाना बंद होता. लताबाई आधी स्वतः पलंगावर झोपल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते छत झोपून पाहिलं. मॅडम बोलत होत्या. "ही उजवी, ही डावी. दोन्ही अगदी छान." तेवढं ऐकून लताबाईंच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं.

मग मल्हारी. बावन्न वर्षांचा, दणकट माणूस. जेल लागल्यावर गुदगुल्या होतात म्हणून हसला. मॅडम उजवीकडे बघून म्हणाल्या, "ही जरा मोठी आहे." उजव्या कुशीवर वळवून डावीकडे प्रोब टेकवला आणि बोलणं थांबलं. टकटक. लताबाईंचा हात नवऱ्याच्या पायावर गेला.

"डावीकडे किडनी नाही," मॅडम म्हणाल्या. "जन्मापासूनच नसणार. एकीनेच दोघींचं काम केलं, म्हणून ती मोठी झालीय."

"कसं शक्य आहे मॅडम?" मल्हारी उठून बसला. "मी कारखान्यात रोज वजन उचलतो. मला कधी काही झालं नाही."

"एकीवर माणूस आयुष्य काढतो. पण बीपी बघावं लागेल. आत्ताच बघू." बीपी बरंच वाढलेलं निघालं. मल्हारी शर्टाची बटणं लावत आपल्या डाव्या कुशीकडे असा बघत होता जणू तिथे कुणी दुसरा माणूस राहत होता आणि त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तेजल तिसरी. तिचीही डावी जागा रिकामी होती.

तेजलने रडणं वगैरे काही केलं नाही. पोटावर हात ठेवून विचारलं, "आणि याला?"

"आत्ता कळणार नाही. अजून सहा आठवडे तरी थांबावं लागेल. तेजल, अशा घरांतली बहुतेक बाळं ठीक असतात. तू नाहीस का ठीक? पण बघावं लागेल."

"दादाच्या वेळेसारखं झालं तर?"

तिच्या जन्माआधी गेलेल्या त्या मुलाला तिने दादा म्हटलेलं लताबाईंनी पहिल्यांदा ऐकलं. मॅडमनी खोटं सांगितलं नाही. "शक्यता कमी आहे," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लताबाई रजा टाकून एकट्याच एसटीने खेड्यात गेल्या. तानुबाई ऐंशीच्या पुढे गेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाही. ओसरीत बसून होती. लताबाईंनी तिच्यासमोर बसून शांतपणे सगळं सांगितलं. मामंजींची किडनी एकच असणार आणि तीही गेली. मल्हारीची एकच आहे. तेजलची एकच. माझ्या दोन्ही आहेत. ज्याला दोन्ही नव्हत्या तो मुलगा तुमच्या घराण्यातून आला तसा होता, माझ्या हातून काही झालं नव्हतं. हे वाक्य त्यांनी एसटीत वाटभर मनाशी म्हटलं होतं.

तानुबाईने पांढुरके डोळे त्यांच्याकडे वळवले.

"म्हंजी मी खोटं नव्हते बोलले," ती म्हणाली. "त्येच व्हते."

"आत्या, तसं नाही म्हणत मी..."

"तूच म्हनतीस. त्यांचं मल्हारीत आलं. मल्हारीचं पोरात आलं, तेजीत आलं. मंग कोन आलं?" तिचा आवाज चिडलेला नव्हता, उलट समाधानी होता. "आता तेजीकडं बी येतील. तिच्या उशाला पानी ठिवत जा."

लताबाई तिथून उठल्या त्या थेट थांब्यावर गेल्या. आपल्यावरचा ठपका पुसायला गेलो आणि म्हातारीने त्यातूनच आपलं म्हणणं खरं करून घेतलं. आणि तिचं बोलणं कुठे खोडायचं तेही समजत नव्हतं.

तेजल तेव्हा आईकडेच राहायला आली होती. त्या संध्याकाळी लताबाईंनी स्वयंपाक केला, भांडी घासली, आणि मग एक स्टीलचा लोटा भरून मुलीच्या उशाशी नेऊन ठेवला. तेजलने ते बघितलं.

सकाळी ती म्हणाली, "आई, लोट्यातलं पाणी कमी झालंय. मी तर प्यायले नाही."

"उन्हाळा आहे. आटतं पाणी."

"झाकण होतं गं."

लताबाईंनी उरलेलं पाणी मोरीत ओतलं. संध्याकाळी परत भरून ठेवला. पुढे त्या पाण्याकडे दोघींपैकी कुणी वाकून पाहिलं नाही. सहा आठवडे रोज भरला आणि रोज ओतला. आपण हे करतोय याची त्यांना लाज वाटत होती, मॅडमसमोर तर फारच. पण एकही संध्याकाळ चुकली नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात तेजल पलंगावर झोपली. लताबाईंनी जेल घातलं. पोट मऊ लागलं. तरीही त्यांचा विश्वास बसेना.

"पाणी छान आहे," मॅडम सगळ्यात आधी म्हणाल्या. "बघा, हे सगळं काळं म्हणजे पाणी. भरपूर आहे."

तेजलने डोळे मिटून घेतले. मॅडम पुढे बोलत राहिल्या, डोकं, पाठीचा कणा, हृदय. "उजवी किडनी, आहे जागेवर." मग प्रोब थोडा फिरला आणि आवाज थांबला.

या वेळी लताबाई स्क्रीनकडे बघत होत्या. मॅडमनी काही सांगायच्या आधीच त्यांना ती दिसली. काळ्या खळग्यात आडवी रेघ. चादर ओढून पडलेली. त्यांच्या मनात कुणीतरी तानुबाईच्या आवाजात म्हणालं, आले.

"डावीकडची जागा रिकामी आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तेजल, इकडे बघ. लघवीची पिशवी भरलीय. आता थोडं थांबू." पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिघी त्या एवढ्याशा काळ्या थेंबाकडे बघत राहिल्या. तो हळूहळू लहान झाला, नाहीसा झाला. मग पुन्हा दिसू लागला. "करतंय," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. "एकीवर करतंय."

सहाव्या महिन्यात पुन्हा बघितलं तेव्हा मॅडमना डावी किडनी सापडली. ती जागा सोडून खाली ओटीपोटात, लघवीच्या पिशवीशेजारी बसली होती. लहान, जरा वेडीवाकडी. "हे पण होतं कधी कधी," मॅडम म्हणाल्या. "वर चढायची असते, ती चढलीच नाही." लताबाईंनी तीनदा विचारून खात्री करून घेतली की ती खरंच किडनी आहे, दुसरं काही नाही. मॅडमनी तिच्यात जाणारी रक्ताची लाल-निळी धार दाखवली.

सप्टेंबरअखेर मुलगी झाली. रडली ती इतकी जोरात की जिन्यात उभा असलेला मल्हारी बसला. नाव उत्पला ठेवलं.

तानुबाईला फोन केला तर तिने मुलगी की मुलगा विचारलं नाही. "तोंड कसं हाय?" विचारलं. लताबाईंनी फोन मल्हारीकडे दिला.

दीड महिन्याने बाळाला खेड्यात नेलं. लताबाईंना न्यायचं नव्हतं, तेजलनेच हट्ट धरला. तानुबाईने बाळ मांडीवर घेतलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी बघू लागली. कपाळावरून बोट नाकावर आणलं, नाकपुड्या चाचपल्या. डोळ्यांखाली दोन्ही अंगठे फिरवले. कान वर-खाली ओढून पाहिले. हनुवटी चिमटीत धरली. ओसरीत सगळे उभे होते आणि कुणी हलत नव्हतं. बाळही गप्प होतं, डोळे उघडे ठेवून त्या म्हातारीकडे बघत होतं.

"न्हाई," तानुबाई शेवटी म्हणाली. "ही कुनी दुसरीच हाय."

तिने बाळ परत दिलं. तिच्या तोंडावर काय होतं, सुटका की निराशा, ते लताबाईंना अजून सांगता येत नाही. चुकले असं ती म्हणाली नाही आणि लताबाईंनीही परत विषय काढला नाही. मार्गशीर्षात ती झोपेतच गेली.

उत्पला आठ महिन्यांची असताना तापली. लघवीत जंतू निघाले. मॅडमनी सोनोग्राफी केली, मग लघवीच्या पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढायला लावला. खाली बसलेल्या किडनीत लघवी उलटी चढत होती. वर्षभर रोज रात्री चमचाभर औषध द्यावं लागलं. आता ती दोन वर्षांची आहे, ताप परत आलेला नाही, सहा महिन्यांनी एकदा बघतात. मल्हारी बीपीची गोळी रोज घेतो, फक्त सुट्टीच्या रविवारी आठवण करून द्यावी लागते.

माहेनूर गेल्या पावसाळ्यात परत आली. तिला चौथा महिना संपत आला होता. तिची आणि हुजैफाची सोनोग्राफी मॅडमनी आधीच केली होती, दोघांच्याही किडन्या ठीक होत्या. बाळाचीही तपासणी झाली, पाणी होतं, दोन्ही किडन्या होत्या. हुजैफा बाहेर घरी फोन लावत होता. लताबाई माहेनूरचं पोट पुसत होत्या, तेव्हा तिने त्यांचा हात धरला.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही होता ना खोलीत? माझ्या मुलाचं तोंड बघितलं होतं तुम्ही?"

"हो."

"मी नाही बघितलं. बघायचं म्हणून तर थांबले होते, आणि दिला तेव्हा डोळेच उघडेनात. हुजैफाला विचारलं तर तो सांगत नाही. कोणासारखा होता?"

लताबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. मॅडम मशीनसमोर काहीतरी लिहीत होत्या, त्यांचा हात थांबला.

"माझ्या मुलासारखा होता," लताबाई म्हणाल्या.

माहेनूर उठून बसली. "तुम्हाला मुलगा आहे? किती मोठा आहे?"

"असता तर सत्तावीसचा असता," लताबाई म्हणाल्या, आणि तिच्याशेजारी पलंगावर बसून तिला त्याच्याबद्दल सांगू लागल्या. बाहेरचा नंबर पंधरा मिनिटं थांबला.